तिवड्याचा बैल आणि आईची सीडी

मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही वस्तू बिघडवण्याचा पहिला मान माझा असतो.

क्लास आळेफाट्याला, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर. अठरा वर्षं मी तिथे डिस्कचा धडा एकाच वहीतून शिकवतोय. फळ्यावर दोन गोल काढायचे, हार्ड डिस्क मिनिटाला किती फेरे मारते आणि सीडी किती, हे सांगायचं आणि घाम पुसायचा. हल्ली मुलं मध्येच विचारतात, "सर, सीडी म्हणजे?" मग मी गुपचूप वहीचं पान उलटतो.

अशात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आमच्या आणे गावाहून फोन आला. "बाळू, ताईच्या लग्नाची शीडी घावली. पातळांच्या ट्रंकंत व्हती."

मी खुर्चीतून उडालोच! कारण त्या सीडीत आई होती. आईला जाऊन चार वर्षं झाली. तिचे फोटो भिंतीभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. फोनवर ती बोलायची नाही ("त्या डबड्यात तोंड घालून काय बोलायचं?") आणि मी, गावातला एकमेव कॉम्प्युटरवाला, तिचा आवाज कधी टेप करून ठेवला नाही. ताईच्या हळदीला मात्र ती जात्यावर बसून ओव्या म्हणाली होती आणि ते शूटिंगमध्ये आलं होतं. आता आठ दिवसांनी ताईच्या मुलीची हळद होती, घोडेगावला. आबांचं मागणं एकच होतं.

"नातीच्या हळदीला आजीची ओवी व्हावी. बाकी मला काय नगं."

"आबा, निश्चिंत राहा. मी आहे ना!" (हे वाक्य मी बोललो की ताई देवापुढे दिवा लावते.)

नव्या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नसतं. म्हणून क्लासच्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर पोत्यात बांधला आणि मोटारसायकलवरून आण्याला नेला. सीडी हातात घेतली तर मधल्या भोकापाशी केसाएवढा तडा!

"आबा, हे कशानं झालं?"

"डबीतनं निघंना. मंग जरा विळ्याचं टोक लावलं." आबांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "आपला जुना पिलेअर हाय की. त्याच्यात लाव."

"तो? आबा, तो एक पटीनं फिरतो. हा बावन्न पटीचा आहे! पाच मिनिटांत सगळं कॉपी!"

"एवढी घाई कशाला? तुझी आई आता कुटं पळून चाललीय?"

पण ऐकेल तो मी कसला! सीडी आत सारली. आधी गुणगुण झाली, मग शिट्टी, मग मळणीयंत्रात दगड गेल्यासारखा आवाज. टेबल थरथरलं, आबांची चुन्याची डबी चालत चालत कडेला गेली आणि खाली पडली. "हा नॉर्मल आवाज आहे," मी म्हणालो. आबा उठून उभे राहिले. "बाळू, थांबव! उधळलंय ते!"

बटण दाबलं तर उघडेना. शेवटी वायर उपटली, सेफ्टी पिन सरळ करून ट्रेखालच्या बारीक भोकात खुपसली आणि ट्रे बाहेर ओढला. तडा दुप्पट झाला होता. चकचकीत भागाला, म्हणजे जिथून आई सुरू होते तिथे, जाऊन टेकला होता.

तडा गेलेली सीडी जोरात फिरवू नये, हे माझ्याच वहीत लाल शाईनं लिहिलेलं आहे. आबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं सीडी पुसली, प्लेअर खाली काढून टीव्हीला जोडला आणि दोन्ही हातांनी ती आत ठेवली, नवजात वासरू धरावं तशी.

टीव्हीवर पाहुणे दिसायला लागले. मी घाईघाईनं मोबाइल समोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता मला सांग, ही आत फिरती कशी?"

माझा जीव थाऱ्यावर यावा म्हणून विचारलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी सुटलोच! "आबा, हार्ड डिस्क एकाच वेगानं फिरते. सीडीचं तसं नाही. आतल्या कडेला मिनिटाला पाचशे फेरे, बाहेर येईल तसे कमी कमी, शेवटी दोनशे. कारण वाचणाऱ्या किरणाखालून ती सारख्याच चालीनं सरकली पाहिजे."

"मंजी मळणीचा बैल," आबा म्हणाले. "तिवड्याजवळ आसला की भराभर फेरं व्हत्यात, खळ्याच्या कडंला गेला की कमी. चाल तीच."

खळ्याच्या मधल्या खांबाला बांधलेला तो बैल अठरा वर्षांत मला फळ्यावर काढता आला नव्हता.

"मंग तुझा कॉम्प्युटरचा बैल का उधळला व्हता?"

"तो म्हणजे आबा, बावन्न पट म्हणजे..." मी पुन्हा सुरू झालो. तेवढ्यात पडद्यावर आई आली. हिरवं पातळ, हातात जात्याचा खुंटा.

*हळद दळीते मी गं, जातं घुमतं दारात,*
*लेक माझी निघाली बाई, घोडेगावच्या घरात...*

आणि मी बोलतच राहिलो. फेरे, पटी, किरण, सगळं. थांबलो असतो तर रडलो असतो. पडद्यावर कॉलेजातला, मिशी नुकती फुटलेला मी पुढे आलो, बडबडत आईच्या हातातला खुंटा ओढला आणि जातं गरागरा फिरवायला लागलो. आईनं ओवी थांबवली.

"आरं हळू, बाळू! जातं हाय, गिरणी न्हाई! आन् गप बस जरा, आयकू दे समद्यांना!"

या वयात, दोन पोरांचा बाप असलेला मी, जागच्या जागी गप्प बसलो. आबा खो खो हसले आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिले.

"आबा, माझी बडबड आलीय यात. परत एकदा घेऊ." पुसून पुन्हा लावावी म्हणून मी सीडी काढायला अंगठा दाबला. टक्! हातात दोन तुकडे.

हळदीच्या दिवशी मी नको म्हणून खूप सांगून पाहिलं, पण ताईनं तोच मोबाइल मांडवातल्या स्पीकरला जोडला. बायका जात्याशी बसल्या, सगळे शांत झाले आणि घोडेगावच्या मांडवात माझा आवाज घुमला, "आबा, हार्ड डिस्क एकाच वेगानं फिरते!" मी मोबाइलकडे धावलो, नवरीच्या मामानं (म्हणजे मीच तो) हळदीच्या ताटात पाय दिला. मागे आईची ओवी, पुढे माझे पाचशे फेरे. मग एकदम तिचा आवाज आला, "आन् गप बस जरा!" अख्खा मांडव हसला. ताई हसता हसता रडायला लागली. तिनं खुंटा धरला आणि जातं हळूहळू फिरवलं.

परत येताना मी आबांना म्हणालो, "माझा आवाज कापून तेवढी ओवी देतो. येतं मला." (येत नाही.)

आबांनी मोबाइल बंडीच्या खिशात घातला. "ऱ्हाऊ दे. तू बडबडला न्हाईस, तर ती गप कुणाला करंल?"

मोबाइल त्यांनी ठेवूनच घेतला. आता आण्यात रोज सकाळी चहाबरोबर माझा धडा लागतो. अठरा वर्षांत तो इतक्या आवडीनं ऐकणारा हा पहिलाच विद्यार्थी, आणि तोही मी गप्प कधी बसतो याची वाट बघत असतो.