गुंगीत दादाला सांगितलेलं

आई राहते माझ्याकडे, कोहक्याला. पण तिचं मेडिकल कार्ड दादाच्या नोकरीवर आहे. दादा सरकारी स्टील प्लांटमध्ये ऑफिसर, म्हणून कागदावर आईचा मुलगा तोच. खुर्सीपारला नळ-टाइल्सचं दुकान मी शून्यातून उभं केलं. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. त्या कार्डापुढे मात्र माझं काही चालत नाही.

आईच्या पोटातली जळजळ थांबेना, तेव्हा एन्डोस्कोपी ठरली. दादाची ड्यूटी होती, नेहमीसारखी. कार्डावर चालणाऱ्या एका खाजगी हॉस्पिटलात मीच तिला नेलं. तिला उपाशी ताटकळत ठेवलं म्हणून काउंटरवर आवाज चढवला आणि नंबर पुढे करून घेतला. आई मान खाली घालून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, नळी घालण्याआधी शिरेतून गुंगीचं इंजेक्शन देऊ. पूर्ण झोप लागणार नाही, त्या बोलतीलही, पण नंतर त्यातलं काही आठवणार नाही.

तपासणी झाल्यावर मला आत बोलावलं. नर्सनं कार्ड पाहिलेलं होतं. ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "माताजी, देखिए, प्लांटवाले साहब आए हैं."

मी तिची चूक सांगणार, तेवढ्यात आईनं डोळे न उघडता माझा हात दोन्ही हातांत धरला.

"आला का रे बाबू? जेवला का?"

तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला ती सांगते, गाडी नीट लाव, कोणाशी भांडू नको. मी नुसतं "हं" म्हटलं.

"लई दुखते रे. लई दिवसांपासून दुखून राहिलं. धाकट्याले नको सांगू. तो डॉक्टरवरच चिल्लावते. तू बस जरासा."

मी बसलो, दादा होऊन. पथ्याचं मी बघतो, औषधं मी आणतो, आणि दुखणं तिनं राखून ठेवलं होतं दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येणाऱ्यासाठी. अंगाची आग झाली. पण हात सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर तिला खरंच काही आठवत नव्हतं. दुखतं का विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, बरं आहे." संध्याकाळी दादाचा फोन आला. अल्सर निघालाय, औषधं संपली की पुन्हा नळी घालून बघणार, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्या वेळी सुट्टी टाकून मीच येतो. फोन स्पीकरवर होता; ते ऐकून आई उठूनच बसली. मी फोन घेऊन अंगणात गेलो.

"दादा, राहू दे. सुट्टी कशाले घालवतो?"

"अबे, तूच तर बोंबलत असतो, मी येत नाही म्हणून."

"आता नाही बोंबलत. मीच नेतो तिले."

तो बरं म्हणाला. मी घरात आलो.

"येते न मोठा?" आईनं विचारलं.

"येते, तुले इंजेक्शन दिलं की," मी म्हणालो.