अप्पाचं घड्याळ

घरचं माणूस परदेशी असलं की गमती आपोआप साठत जातात. कोणी विचारलं की मी त्याच सांगते. काळजीचं कोणाला सांगणार? ती रात्री झोपू द्यायची नाही. आमचे हे मशीनला हिशेब शिकवायच्या सूचना लिहायला इंग्लंडला गेले, तेव्हा आमची तुळजा जेमतेम बोलायला लागली होती. हे परत आल्यावर ती यांना ओळखेल का?

मी पडले शिकलेली आई. कुंभकोणमच्या घरात भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, इंग्लंडच्या वेळेचं. तुळजाला सांगितलं, "हे अप्पाचं घड्याळ."

*

शेजारच्या अलमेलू मामी काफीपूड मागायला आल्या. जाताना म्हणाल्या, "एक घड्याळ फारच मागे होतं गं. नीट लावून ठेवलंय."

त्या रात्री तुळजा खुशीत. "आज अप्पा आपल्याबरोबरच जेवला!"

मी ते घड्याळ सकाळपर्यंत तसंच राहू दिलं.

*

आपण उठतो तेव्हा अप्पा गाढ झोपेत असतो, एवढं मी बोलून गेले. झालं! पहाटे घरात सगळ्यांनी कुजबुजायचं. दूधवाला आला की ही ओठांवर बोट ठेवून दारात उभी.

माझे सासरे, मामंजी, शाळेत गणिताचे मास्तर होते. वर्गाची सवय, त्यामुळे स्तोत्रही खड्या आवाजात. तेही ओठातल्या ओठात म्हणू लागले. एकदा कुरकुरले, "अगं, देवाला तरी ऐकू जाऊ दे."

"देव जागा आहे, आजोबा. अप्पा झोपलाय."

*

उन्हाळा आला तसं यांनी कळवलं, इकडे सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केलीत. मामंजी काटा सरकवायला तयार होईनात.

"सूर्याला विचारलं का कोणी? आणि राहुकाळाचं काय? तोही तासभर आधी येणार?"

शेवटी मीच स्टुलावर चढले. तुळजा खालून बघत होती. "अम्मा, तू अप्पाची झोप कमी केलीस."

इंग्लंडचं सरकार मीच चालवते, असं वाटून मला दिवसभर चुटपुट लागली.

*

थंडीच्या तोंडाशी तो तास परत मिळाला. यांचं मशीन एका कारखान्याच्या रात्रपाळीचा पगार काढायचं. तीन वाजता घड्याळं पुन्हा दोनवर आणली त्या रात्री एक कामगार पावणेतीनला कामाला लागला आणि काम संपवून सव्वादोनला घरी गेला. मशीन म्हणालं, याने शून्याहूनही कमी काम केलं. दोनदा आलेल्या त्या एका तासासाठी यांना सगळ्या सूचना नव्याने लिहाव्या लागल्या.

मामंजींना वेगळीच चिंता. "बिचाऱ्याकडे पैसे परत नाही ना मागितले?"

*

पुढे हे आले ते थंडीतच, पहाटेच्या गाडीने. स्टेशनवर अजून अंधार होता. तुळजा माझ्या पदरामागे.

हे वाकले. "तुळजा, मला ओळखलंस?"

ती पदराआडून नुसती बघत राहिली.

"अगं, बोल ना अप्पाशी," मी म्हटलं. तिने पदर आणखी घट्ट धरला. पोरीला घड्याळ कळलं, बाप नाही.

"तुळजा?" यांनी जरा मोठ्याने हाक मारली आणि हात पुढे केला. मनगटावर अजून इंग्लंडचीच वेळ होती. येताना बोटीवर रोज घड्याळ थोडं पुढे करायला सांगायचे. यांनी केलंच नव्हतं.

तुळजाने स्टेशनच्या दिव्यात ते निरखून पाहिलं. मग पुढे झाली आणि यांच्या ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, अप्पा. तू झोपलायस."