दगडावरचं खुराडं

शनिवारच्या बाजारात दार्नेलिसच्या टोपलीतल्या अंड्यांची घासाघीस कुणी करत नाही. एखादं नवखं गिऱ्हाईक अंडं उचलून कानाशी हलवायला लागलं, तर ती टोपलीवर फडकं टाकते आणि म्हणते, "ठेवा खाली. खुळखुळे पलीकडच्या दुकानात मिळतात." आमच्या सुमात्रातल्या पायाकुम्बूत अंड्याचा बलक फेटून घातलेल्या चहाशिवाय पुरुषांची संध्याकाळ सरत नाही, आणि बाजारातले निम्मे टपरीवाले त्यासाठी तिचीच अंडी मागतात. बाईचा आवाज मोठा, हात चलाख आणि मत प्रत्येक गोष्टीवर. मत चुकीचं असलं तरी ते इतकं ठाम असतं, की समोरचा मान डोलावूनच घरी जातो.

म्हणूनच तिच्या नवऱ्याने, मारजोहानने, खुराड्याच्या बाबतीत तिला तोंडावर नाही म्हटलं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना भारी मौज वाटली.

झालं असं, की खांबांवर उभ्या घराच्या खालच्या पोकळीत, जिथे तिच्या आजीच्या काळापासून कोंबड्या निजायच्या, तिथे रानमांजर शिरलं आणि खुडूक बसलेली तिची लाडकी कोंबडी अंड्यांवरून उचलून घेऊन गेलं. दार्नेलिसने आधी त्या रानमांजराचा उद्धार केला आणि मग न्याहारीला बसलेल्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"उदा," आमच्याकडे बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात, "मागच्या फणसाशेजारी नवं खुराडं घालू. चार खांब चांगले खोल पुरायचे आणि माझ्या छातीइतकं उंच करायचं. मला वाकायला नको आणि त्या चोराला चढायला नको."

मारजोहान चहा फुंकत होता. "पुरायचं कशाला? सपाट दगडांवर ठेवतो. हलकंफुलकं, बांबूचं. अधूनमधून चार हात सरकवलं की खालची जमीन खतावते. मिरच्या बघ मग कशा लागतात."

"मला मिरच्या नकोत. अंडी हवीत."

"अंडी कोंबडी देते, नेलिस. खांब देत नाही."

"वादळ आलं की तुमचं खुराडं सरकत सरकत नदीपलीकडे जाईल!"

"जाऊ दे की. नदीपलीकडच्यांनी काय पाप केलंय? त्यांनाही अंडी मिळतील."

तो हे हसत म्हणाला, पण दार्नेलिसचा घास तोंडातल्या तोंडात फिरला. नदीपलीकडे त्याच्या बहिणीचं, साविनारचं, घर होतं. आमच्याकडे घर आणि जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि लग्न झालं की पुरुष आपली वळकटी घेऊन बायकोच्या घरी राहायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळे त्यावरून कुणी कुणाला हिणवत नाही. पण गुडघे कुरकुरायला लागले, की यातले पुष्कळजण तीच वळकटी उचलून बहिणीकडे, आपल्या आईच्या घरी, परत जातात. एकदा गेले की इकडे दिसतात ते फक्त ईदला. मारजोहानने त्याच वर्षी बाजारातलं सुतारकाम बंद केलं होतं. मागच्या महिन्यात साविनार रेन्दांगचा, मसाल्यात आटवलेल्या मांसाचा, डबा घेऊन आली होती आणि जाता जाता म्हणाली होती, "दादा, पूर्वेकडची खोली रंगवून ठेवलीय. सकाळचं ऊन छान येतं." त्यावर तो म्हणाला होता, "बघू."

हे 'बघू' दार्नेलिसच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. तो नाही म्हणाला असता, तर तिने त्या दिवशी त्याच्या आवडीचे मासे केले असते. हो म्हणाला असता, तर कडाकडा भांडली असती. 'बघू'चं करायचं काय? तिला हा माणूस म्हातारपणी आपल्याजवळ हवा होता. इतकी साधी गोष्ट, पण ती मागायची असते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि मागायची तिला सवयही नव्हती.

आणि आता हे दगड. अर्ध्या बाजारातली दुकानं मारजोहानने रोवलेल्या खांबांवर उभी होती, पण या घरासाठी त्याने जे जे केलं ते सगळं दगडांवर टेकवलेलं. अंगणातलं बाक दगडांवर, न्हाणीचा आडोसा दगडांवर. कधीही उचलावं आणि चालू लागावं. त्याची हत्यारांची पेटी लग्नाच्या दिवशी जशी दोरीने आवळून आणली होती, तशीच जिन्याखाली होती. रोज दोरी सोडायचा, काम झालं की पुन्हा बांधायचा.

याचं कारण तिला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने दारापुढे पडवी काढायला खड्डा खणायला घेतला होता. तेवढ्यात तिचे मामा आले. आईचा थोरला भाऊ, कुळाचे दातुक म्हणजे प्रमुख, त्यांच्या शब्दाशिवाय या जमिनीत गवतसुद्धा हलत नसे. मामा कुंपणापाशी उभे राहिले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "जावईबापू, कुणाच्या जमिनीत खणताय? कुणाला विचारून?" मारजोहानने खणणं थांबवलं. खड्डा बुजवला, वरून पायाने माती दाबली, आणि त्यानंतर बायकोच्या जमिनीत कधी कुदळ घातली नाही.

खुराड्याचं भांडण आठवडाभर चाललं. शेजारणी दार्नेलिसच्या बाजूने, टपरीवरचे पुरुष मारजोहानच्या. ती सांगत होती की खांबांना पत्र्याचे पट्टे मारले की रानमांजर घसरून पडेल. तो सांगत होता की पट्टे दगडावरच्या पायांनाही मारता येतात. शेवटी तो बोलायचा थांबला आणि कामाला लागला. खिळा नाही, सगळं खुंट्या ठोकून जोडलेलं. कामट्यांची जमीन, खालची घाण आपोआप गळून पडावी अशी. अंड्यांसाठी टोपल्या, बसायला दांड्या. कोंबड्यांनी तर पाहता क्षणी ताबा घेतला.

दार्नेलिस कमरेवर हात ठेवून सगळीकडून फिरली. खोट काढायला जागा नव्हती. मग तिचं लक्ष रुंदीकडे गेलं.

"इतकं अरुंद का? जागा तर भरपूर आहे."

"मागच्या फाटकातून निघायला हवं ना," तो दांडी घासता घासता म्हणाला.

"कुणी? कुठे?"

मारजोहानचा हात थांबला. तो म्हणाला, "सवय आहे गं हाताला. दुसरं काही नाही."

तिला रडू आलं नाही, संताप आला. नवऱ्याचा नाही, त्या बुजवलेल्या खड्ड्याचा. तिने टोपलीत निवडक अंडी भरली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि तरातरा मामांकडे निघाली.

मामा आता पार थकले होते. तेही शेवटी कुणाचे तरी जावईच, त्यामुळे मामीच्या घराच्या ओसरीवर एका खुर्चीत बसलेले असायचे.

"मामा, या घरात तुम्ही कधी खांब पुरलात?"

"इथे?" मामा हसले. "माझी टोपीसुद्धा तुझ्या मामीने ठोकलेल्या खिळ्यावर टांगलेली असते."

"मग माझ्या नवऱ्याला चार माणसांत का बोललात?"

त्यांनी कुठलं बोलणं असं विचारलं नाही. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्याच आठवड्यात मी इथे, त्या कोपऱ्यात, केळ लावली होती. तुझ्या मामीच्या मामाने माझ्यादेखत उपटून फेकली. मला काही बोलता येईना. तसाच तडक निघालो, तुमच्याकडे वळलो, तर हा आपला खुशाल खणतोय."

"म्हणजे तिकडचा राग इकडे काढलात."

"काढला," म्हातारा म्हणाला. "त्याला म्हणावं, विचार. आत्ताच्या आत्ता हो म्हणतो."

"तो जन्मात विचारणार नाही. तुम्ही त्याला विचारायचं. विड्याचा डबा घेऊन या."

"मी? जावयाला? अगं, कुळाचा दातुक आहे मी!"

"म्हणून तर तुम्हीच यायचं. मी सांगितलं तर तो म्हणेल, बायकोने हट्ट केला."

आतून मामीचा आवाज आला, "जा हो जा! पानं मी पुसून देते. आयुष्यात एकदा तरी सरळ वागा."

दुसऱ्या दिवशी मामा आले. ठेवणीतली काळी टोपी, हातात पितळी डबा. मारजोहान खुराड्याला दार बसवत होता. तो गडबडीने उठला, कपड्यांवरचा भुसा झटकला. मामांनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो दचकलाच. विडा पुढे करून मागणं घालायचं असतं ते सोयरिकीला, मोठ्या कार्याला. कुळाच्या दातुकाने जावयापुढे डबा धरलेला आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आमच्या भाचीच्या कोंबड्यांना पक्कं घर नाही. आमच्या जमिनीत खांब रोवायला आमच्यात जाणतं माणूस नाही. तुम्ही रोवाल का?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि त्या वेळी मी जे विचारलं, ते विचारायला नको होतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीत दार्नेलिस उभी होती. चुलीवर तेल तापलं होतं, हातात पीठ होतं, आणि तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं. हा क्षण बिघडवायला तिचा एक शब्द पुरला असता, हे तिला ठाऊक होतं.

मारजोहानने विडा उचलला. तोंडात घातला. चावत राहिला. मग फणसाकडे चालत गेला, टाचेने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाला, "इथे नको, दातुक. फणसाची मुळं खांब उचलून टाकतील. विहिरीकडे घेऊ, तिथे माती घट्ट आहे."

"तुम्ही म्हणाल तसं," मामा म्हणाले.

"आणि छातीइतकं उंच म्हणते ती. कुणाच्या छातीइतकं? तिच्या गुडघ्यांचं मला माहीत नाही, पण मी काही रोज शिडी चढून अंडी काढणार नाही. कंबरेइतकं पुरे."

त्या 'रोज'वर दार्नेलिसचं तेल जळलं. धूर झाला, शेजारीण हाका मारायला लागली, पण ती खिडकीतून हलली नाही. मग एकदाचा तिला आवाज फुटला. "कंबरेइतकं चालेल!" ती ओरडली. तिने कुणाचं म्हणणं इतक्या लवकर मान्य केल्याचं ऐकून मामासुद्धा चमकून वळले.

मारजोहानने स्वतः कुदळ मारली. दर थोड्या वेळाने गुडघा चोळत होता, पण मदतीला आलेल्या शेजाऱ्याला त्याने कुंपणाबाहेरच उभं केलं. माडाच्या जुन्या, काळ्याभोर लाकडाचे खांब आणले, कुजू नयेत म्हणून खालची टोकं जाळून घेतली आणि माती थराथराने ठोकून बसवली. दार्नेलिसने एका खांबाला खांदा लावून पाहिला. खांब तसूभर हलला नाही.

राहिलं ते दगडावरचं खुराडं. ते साविनारला द्यायचं ठरलं. ती आपल्या मुलाला टेम्पो घेऊन यायला सांगून स्वतःही आली, आणि खुराडं मागच्या फाटकातून अगदी मापात बाहेर निघालं.

"दादा, आणि ती खोली?" टेम्पोपाशी तिने हळूच विचारलं.

"त्यात कोंबड्यांचा दाणा ठेव," मारजोहान म्हणाला. "ऊन येतं ना, कीड लागणार नाही."

साविनारने भावजयीकडे पाहिलं. दार्नेलिस आभाळाकडे बघत होती, जसं काही आपण ऐकलंच नाही. साविनार हसली आणि पुढे जाऊन बसली.

खुराडं टेम्पोत डुलत होतं. बांधल्याशिवाय नदीच्या पुलापर्यंतही टिकलं नसतं. दार्नेलिस विहिरीचा दोर आणायला वळली, पण मारजोहान आधीच जिन्याखाली वाकला होता. रोज सोडून-बांधून पेटीच्या दोरीची गाठ इतकी पिळवटली होती, की या वेळी ती काही सुटेना. त्याने बाहेर राहिलेली पटाशी घेऊन ती कापली, दोरी ओढून काढली आणि त्याच दोरीने खुराडं कचकचून आवळून दिलं.

टेम्पो वळणाआड गेला. दोघं फाटकात उभी होती.

"चांगली दोरी होती," दार्नेलिस म्हणाली. "परत मागवून घेऊ का?"

"कशाला?" मारजोहान म्हणाला, आणि टोपली उचलून अंडी काढायला गेला.