सूट गेली

ते गृहस्थ गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. रविवारी आमच्याबरोबर गोल्फ खेळायचे. फटका मारण्याआधी गवताची पात चिमटीत धरून तिचा पोत बघायचे, जणू ठाणच विकत घ्यायचंय. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला हँडिकॅप मिळतो, म्हणजे त्याच्या एकूण फटक्यांतून काही फटके वजा होतात. खेळ सुधारला की ही सूट घटते. यांची सूट क्लबात सर्वांत मोठी होती आणि वार्षिक स्पर्धेपर्यंत ती त्यांना टिकवायची होती. म्हणून ते अगदी मन लावून वाईट खेळत.

स्पर्धेआधीच्या रविवारी मात्र त्यांचे फटके काही केल्या चुकेनात. शेवटच्या खळग्याभोवती गवताऐवजी तेल पाजून बसवलेली वाळू होती. चेंडू ढकलण्याआधी ती सारखी करायची पद्धत. यांनी ती मुद्दाम करू दिली नाही आणि वर चेंडू वाकडा मारला. तो कुणाच्यातरी बुटाने पडलेल्या चरात शिरला आणि घरंगळत थेट खळग्यात पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ते वाळूतच बसले.

"टाळ्या काहून वाजवून राहिले गा? माही सूट गेली ना!"

त्यांच्याकडे पेढे मागावेत की त्यांचं सांत्वन करावं, आम्हाला कळेना. शेवटी आम्ही टोप्या काढल्या आणि गप्प उभे राहिलो.