वाघबारशीला टँकर कुठे सोडायचा

आमच्या डिस्पॅचच्या खोलीत भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे आणि त्यावर अख्खा जिल्हा हलत असतो. खरंच, वाढवून सांगत नाहीये. दुधाचा प्रत्येक टँकर म्हणजे एक हिरवा ठिपका. प्रत्येक गावातला बल्क कूलर, म्हणजे दूध गार करून साठवतात ती स्टीलची टाकी, तो एक चौकोन. ठिपका चौकोनापाशी थांबला की चौकोनातली पातळी उतरते आणि ठिपक्याची चढते. नोकरी लागली तेव्हा मी नुसती बघतच बसायचे. साहेब एकदा मागून म्हणाले, "सिरियल संपली की कामाला लागा."

आमचा प्लँट देवळाली प्रवराच्या बाजूला, सगळीकडे ऊस आणि सपाट रस्ते. मी मात्र अकोले तालुक्यातली, पार वरची, भंडारदऱ्याच्या अंगाला आमचं गाव. भात निघाला की हातात नेमानं पैसा येतो तो दुधाचाच. आईच्या दोन गायी आहेत, आणि तिचं दूध ज्या टाकीत पडतं ती टाकी माझ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात दिसते. रोज कामावर आले की आधी तिथे बघायचं, ही सवयच लागली. पातळी दिसली की वाटायचं, आईची धार काढून झालेली आहे.

आता सिस्टीम काय करते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रोज संध्याकाळी ती अंदाज काढते की उद्या कुठल्या गावात किती दूध असेल, आणि त्यावरून कुठला टँकर कुठे जाणार ते ठरवते. मागच्या दिवसांचे आकडे बघून अंदाज. खालच्या गावांचा अंदाज इतका बरोबर यायचा की मला भारीच वाटायचं. वरच्या गावांचा मात्र मधेच एखाद्या दिवशी साफ चुकायचा. टँकर घाट चढून जायचा आणि टाकी कोरडी. मग सिस्टीम त्या गावांपुढे लाल खूण करायची आणि पुढचे काही दिवस लहान टँकर पाठवायची. तोवर दूध परत भरपूर यायला लागलेलं असायचं, ते लहान टँकरात मावायचं नाही, उरलेलं टाकीत राहायचं, त्यावर नवीन पडायचं, वीज गेली की नासायचं. म्हणजे परत लाल खूण.

दिवाळीच्या आधी साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की सणानंतर वरचा रूट बंद. "भरवशाचं नाही ते दूध. ज्यांना घालायचंय त्यांनी खाली राजूरपर्यंत आणून घालावं."

आणून घालावं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सकाळची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. कॅन टपावर, ऊन चढलेलं, खाली पोचेपर्यंत दुधाला वास. आईनं आणि गावातल्या निम्म्या बायांनी दूध घालणंच सोडलं असतं. मीटिंग सुटली तशी मी उठले. जागेवर गेले आणि मागच्या सगळ्या लाल खुणा काढून बसले. शेजारी भिंतीवरचं आणि त्यामागचं गेल्या वर्षीचं, अशी दोन्ही कॅलेंडरं उतरवून ठेवली आणि एकेक तारीख जुळवायला लागले.

अमावस्या. परत अमावस्या. मग एका गावाची जत्रा. आणि मागच्या दिवाळीतली सगळ्यात मोठी लाल खूण, सगळ्या वरच्या गावांना एकदम, ती तर वाघबारस.

मला हसूच आलं. वसुबारशीला आमच्याकडे वाघबारस करतात. पोरं घरोघर फिरून तांदूळ आणि दूध गोळा करतात, गावाबाहेर वाघोबाच्या ठाण्याशी मोठ्या पातेल्यात खीर शिजते, आधी वाघोबाला आणि मग सगळ्यांना. आमची गुरं राख, एवढंच मागणं. त्या दिवशीचं दूध कुणी विकत नाही. अमावस्येलाही बरीच घरं घालत नाहीत. कुणी लपवलेलं नव्हतं यातलं काही. वर सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून सांगायचं कुणाला सुचलं नाही. खाली कुणालाच ठाऊक नाही, म्हणून विचारायचं सुचलं नाही. सिस्टीमला तारीख कळत होती, तिथी कळत नव्हती, एवढाच सगळा घोळ.

साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे टँकर आता पंचांग बघून सोडायचे?"

"सर, एसटी जत्रेला जादा गाड्या सोडते त्या काय बघून?"

त्यांनी रूटचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "ठीक. वाघबारशीपर्यंत रूट चालू. त्या दिवसाचा आणि आदल्या-नंतरच्या दिवसांचा अंदाज बरोबर आला तर राहील. चुकला तर माझ्याकडे यायचं नाही."

मग मी जी सुटले. सिस्टीममध्ये एक नवीन रकाना केला, 'दूध न घालण्याचे दिवस', गावागणिक वेगळा. प्रत्येक गावच्या दूध केंद्रावर फोन लावला, जत्रा कधी, अमावस्येला किती घरं घालतात, अजून काही पाळता का. लोक आधी बिचकायचे, मग इतकं सांगायचे की मला टाइप करताना दम लागायचा. सुट्टीनंतरच्या दिवसाचा अंदाज कमी करायचा नाही, हेही सिस्टीमला शिकवलं. वाघबारशीची तारीख मी कॅलेंडरात बघूनच टाकली होती; तिच्या आदल्या दुपारी मी छातीठोकपणे सांगितलं, उद्या वर टँकर नको. साहेबांनी तो टँकर खालच्या गावांना लावला.

संध्याकाळी आईचा फोन. मी सहज म्हटलं, "उद्या खीर खा पोटभर."

"उद्या कुठं? आपल्याकडं परवा हाय."

"अगं, कॅलेंडरात उद्या दिलीय."

"कॅलेंडरवाल्यानं कुठं गुरं राखल्यात? बारस उद्या संध्याकाळची लागती म्हने, म्हनून जानत्या मान्सांनी परवा धरली. पोरं बी परवाच निघनार."

मी लगेच तिचा फोन ठेवला. बाकीच्या वरच्या गावांना फोन केले. वाघोबाचं ठाणं सगळ्यांचं एकच, त्यामुळे सगळ्यांचं परवाच ठरलेलं. म्हणजे उद्या टाक्या भरणार आणि टँकर जाणार नाही. परवा टँकर जाणार आणि टाक्या कोरड्या. एकाच सणाला दोनदा चुकायचं आणि रूट माझ्याच हातानं बंद करायचा.

साहेब निघतच होते. मी दारातच सांगितलं.

"दुपारी म्हणालीस उद्या दूध नाही," ते म्हणाले. "आता म्हणतेस उद्या आहे आणि परवा नाही."

"हो सर."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

त्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, झालं. पण त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. "आईचा नंबर सिस्टीममध्ये टाक," असं म्हणून त्यांनी टँकर परत वरच्या रूटला लावला, तोही मोठा.

वरच्या रूटचे ड्रायव्हर काका अंगणात चहा पीत होते. बदल ऐकून म्हणाले, "पोरी, रिकामा आणला ना, तर माघारी तुलाच घेऊन जाईन. बस मग गायी पिळत."

सकाळी मी सगळ्यांच्या आधी येऊन बसले. घाटात नेटवर्क नसतं, तिथे हिरवा ठिपका करडा होतो आणि एका जागी गोठतो. टाक्यांच्या पातळ्याही वरून उशिरा येतात. करडा ठिपका बघत मी चहा गार केला. साहेब आले, स्क्रीनकडे बघितलं, आत गेले. पाच मिनिटांनी परत बाहेर आले आणि उगाच प्रिंटरपाशी उभे राहिले. मग एकदम सगळे चौकोन भरले. एकेक गाव, काठोकाठ. डाव्या कोपऱ्यात आईचं गावही. थोड्या वेळानं ठिपका घाट उतरून हिरवा झाला आणि टँकरची पातळी दिसली, भरलेली. काकांचा फोन आला, "वाचलीस."

दुसऱ्या दिवशी वरच्या सगळ्या चौकोनांत एक सरळ रेघ, थेंब नाही. आणि वर टँकरही नाही, तो खाली उसाच्या गावांतलं दूध भरत होता. आईनं खिरीच्या पातेल्याचा फोटो पाठवला, वाफेत कुणाचे चेहरे दिसेनात. मी तो साहेबांना दाखवला. म्हटलं, "सर, कालचं दूध टँकरात, आजचं या पातेल्यात." त्याच्या पुढच्या दिवशी दूध पहिल्यासारखं आलं आणि पहिल्यांदाच त्याला पुरेल एवढा टँकर दारात उभा होता.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला साहेबांनी रूटचा तक्ता लावला. त्यात वरचा रूट होता, वर्षभरासाठी. लाल खुणा काढून टाकलेल्या. मग ते सगळ्यांना म्हणाले, "आपापल्या भागात काय काय पाळतात ते हिला सांगा." मीटिंग राहिली बाजूला, सगळे माझ्या टेबलाभोवती. एक जण म्हणाला, शनी अमावस्येला शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्यांची एवढी रांग लागते की टँकर तासन्‌तास अडकतो, त्या दिवशी लवकर सोडायला हवा. दुसरा म्हणाला, आमच्याकडे पोळ्याला संध्याकाळचं दूध उशिरा येतं. मी टाइप करत होते आणि मान वर करायला फुरसत नव्हती. शाळेत वर्गातल्या पोरींनी माझ्या गावाकडच्या बोलण्याला हसून मला रडवलं होतं. इथे जिल्हाभरची माणसं मला गावाकडचं सांगायला रांगेत उभी होती आणि ते सगळं माझ्या बोटांनी त्या भिंतीवर जात होतं.

आईला फोन करून सांगितलं, रूट राहिला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "केंद्रावर समदे मलाच इचारत्यात, उद्या गाडी येनार का म्हनून."

"मग तू काय सांगतेस?"

"म्हनते येनार. सोडनारी आपलीच हाय."