यंत्रमानवाचा चंदेरी खांदा

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी खामगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. चित्रकलेचा मास्तर माझा मित्र. एकाच खोलीत राहायचो, एकाच खानावळीत जेवायचो. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेसाठी आम्ही दोघांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांचा यंत्रमानव करायला घेतला. डोळ्यांत दिवे, सलाम करणाऱ्या हाताला जुन्या जीपच्या वायपरची मोटार, पोटात बॅटरी.

दिव्यांना आणि मोटारीला मला दोन-दोन वायरी द्यायच्या होत्या. एक वीज जायला, एक परत यायला.

"इतक्या वायरी लोंबल्या तं आतडे बाहेर आल्यासारखे दिसतीन," तो म्हणाला.

मग मी जीपमध्ये असते तशी रचना केली. जायला वायर, परतायला पत्र्याचं अंगच. त्यासाठी मानेचे नि खांद्याचे जोड घासून लख्ख केले आणि त्याला बजावलं, "इथं रंग लावू नको. पत्र्याले पत्रा भिडला नाही तं वीज परतत नाही."

"समजलं मले."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी बॅटरी चार्ज करून आणेपर्यंत त्यानं सगळं खोलून, रंगवून पुन्हा जोडलं होतं. नखशिखांत चंदेरी. देखणाच दिसत होता.

"जोड बिनरंगाचे सोडले ना?"

"हाव."

बुलढाण्यात परीक्षक आमच्या टेबलापाशी आले. मी बटण दाबलं. डोळे विझत्या विडीसारखे लालसर झाले, हात जरासा थरथरला आणि थांबला.

"हे कोणाचं काम?" एका परीक्षकांनी विचारलं.

"रूप माझं," मित्र म्हणाला. "वायरिंग यांच्याकडे होतं."

त्या दिवसापर्यंत त्यानं मला कधी 'यांच्याकडे' म्हटलं नव्हतं.

परीक्षक पुढे गेले. मी खांद्याचा बोल्ट सैल केला. दोन पत्र्यांच्या मध्ये रंगाचा थर होता. मानेतही तेच. चाकूनं खरवडून बोल्ट आवळले, तसा हात सरळ कपाळापर्यंत गेला. पाहायला आम्ही दोघंच होतो.

"काऊन लावला?"

"घासलेली जागा अंगावर कोड उठल्यासारखी दिसे बे. मले वाटलं, रंगाच्या एका हातानं काय होते."

"मंग त्यायच्यासमोर बोलला काऊन नाही?"

तो यंत्रमानवावर टाकायची चादर झटकत राहिला. परतीच्या बसमध्ये तो पुढे बसला, मी मागे. थोड्याच दिवसांत मी दुसरी खोली पाहिली. त्यानं थांबवलं नाही.

पुढे वर्षानुवर्षं आम्ही एकाच शिक्षक-खोलीत चहा प्यायलो, कामापुरतं बोललो. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यानं यंत्रमानवाची गोष्ट रंगवून सांगितली. "ऐन वेळी आमचा गडी बेशुद्ध पडला. वायरिंगवाल्या मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता." सभागृह हसलं. मीही हसलो.

शेजारच्या नव्या शिक्षकानं विचारलं, "सर, तुम्ही होते का तेव्हा शाळेत?"

"होतो," मी म्हणालो.

तेवढ्यात हार घालायला माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि त्याच्या गळ्यात हार घातला.