मजल्यांची भाषा

रत्नागिरीत संगणकाचे वर्ग घेणाऱ्या भार्गवी पोंक्षेला २००२ साली एक खूळ लागलं. तिला स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा करायची होती, आणि तीही कुणाच्याच कामी न येणारी. एरवी प्रोग्रॅम ओळीमागून ओळ वरून खाली वाचला जातो. भार्गवीच्या भाषेत चौकटींचे मजले एकावर एक रचलेले होते. प्रत्येक घरात एक खूण. ती सांगेल तसं डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे वळायचं, नाहीतर वरच्या-खालच्या मजल्यावर जायचं. भाषेचं नाव तिनं ‘माळा’ ठेवलं.

घरात ती आणि वडील, दोघंच. हरिहर पोंक्षे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. आता निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं.

“ह्यातून होणार काय गो?” त्यांनी एकदा विचारलं.

“काही नाही, बाबा. गंमत.”

ते उठून पोफळींना पाणी लावायला गेले.

भार्गवीचा पहिलाच प्रोग्रॅम साधे आकडे मोजायचा होता, पण चालेना. वाट वरच्या मजल्यावर चढायची आणि तिथंच गरगरत राहायची. पडद्यावर एका वेळी एकच मजला दिसे, त्यामुळे चूक सापडेना. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी तिनं वडिलांकडे ट्रेसिंग पेपर मागितला. कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं पहिल्यांदाच सगळं नीट समजावून सांगितलं. हरिहररावांनी पेन्सिलीला टोक काढलं. एकेका कागदावर एकेक मजला उतरवला, कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले. दोघांनाही एकदमच दिसलं. वर चढायच्या खुणेचा जिना भलत्याच घरात उघडत होता.

मग रोज संध्याकाळी दोघं कागद पसरून बसू लागली. स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला. एके दिवशी हरिहररावांनी स्वतः एक प्रोग्रॅम रचला. त्याची वाट सगळे मजले हिंडून पहिल्या घरी यायची आणि पुन्हा निघायची. हा कधी थांबणारच नाही, असं भार्गवी म्हणाली.

“थांबवायचा कशाला?” ते म्हणाले.

तिनं भाषा इंटरनेटवर टाकली, सोबत तो प्रोग्रॅमही. असल्या भाषांचं वेड असलेली थोडी माणसं परदेशात होती. त्यांतल्या फिनलंडच्या एकानं विचारलं, हा न थांबणारा प्रोग्रॅम कुणाचा? भार्गवीनं प्रोग्रॅमच्या खाली लिहिलं, ‘हरिहर पोंक्षे, निवृत्त ड्राफ्ट्समन, रत्नागिरी’, आणि वडिलांना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“त्यातलं ‘निवृत्त’ काढ,” ते म्हणाले.

तिनं काढलं.